साल २०६८

ऑगस्टात बोटी पाण्यात जायच्या आधी
साखरी नाटे बंदरातल्या सोसायटीत खलाशांची रांग लागते.
मी नाव लिहितो, गाव लिहितो, वय विचारतो
आणि शाईचा पॅड पुढे सरकवतो,
वर न बघताच.
पंधरा वर्षांची सवय आहे हाताला.

त्याने पॅड मागे सारला, पेन मागितलं.
सही केली लपेटदार, खाली दोन टिंबं,
टेबलामागे बसणाऱ्या माणसाची सही.
टेकेंद्र ऐर, जिल्हा बझांग.
गफूर होडेकराच्या बोटीवर मात्र तो बहादूर.
त्याच्या आधीचाही बहादूरच होता,
त्याच्याही आधीचा.

"गावाला काय करायचास?"
"अमीन."
गफूरचाचा हसला, "अमीन तर आमच्या साडूचा नाव!"
"नाव नाही, काम. जमीन मोजायचो.
करार संपला."

मग शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी,
पिशवीतून दाखला.
अक्षरं आपलीच. काना, मात्रा, रफार
सगळं जागच्या जागी.
इंग्रजी कागद आला की मी चष्मा पुसत बसतो,
हा एका दमात वाचला:
सर्वेक्षण तालीम, प्रथम श्रेणी, साल २०६८.
"अरे, हे साल अजून यायचंय!"
रांग हसली. तोही हसला, रांगेपेक्षा जरा उशिरा.
"आमचं साल पुढे चालतं, साहेब."

(घरी जाऊन पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात
कोपऱ्यात बारीक टायपात संवत छापलेला असतो.
इतकी वर्षं त्याच्या खाली मी दुधाचा हिशोब लिहितोय.)

रजिस्टरात शिक्षणाचा रकाना आहे, अरुंद.
तिथे मी आडवी रेघ ओढली.

पौषात नव्या जेटीचं काम निघालं.
कंत्राटदाराचा पोरगा तिवईवर दुर्बीण लावून
एक डोळा मिटून उभा.
पट्टी धरायला माणूस कमी पडत होता,
होडेकराची बोट इंजिनापायी किनाऱ्याला,
म्हणून टेकेंद्र. चारशे रुपये आणि चहा.

गुडघाभर चिखलात तो पट्टी धरून राहिला.
वारा होता. पट्टी हलली नाही.
दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे दिसतात,
धरणारा दिसत नाही.

दुपारी माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाला,
"बुडबुडा मध्ये नाही. दुर्बीण कललीय.
वीतभर चुकणार."
"मग सांग की त्याला."
त्याने आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं,
मग माझ्या चपलांकडे.

मी सांगू शकलो असतो.
मी चहा संपवला.

होळीच्या उधाणाला पाणी जेटीवर चढलं.
लिलावाच्या टोपल्या तरंगल्या,
अर्धं म्हाकूल आलं तसं परत गेलं.
गफूरचाचा कंत्राटदाराच्या सात पिढ्या मोजत होता.
टेकेंद्र पाण्यात उभा राहून
खांबावरच्या ओलीला हात लावून बघत होता:
एक वीत, वर चार बोटं.
कुणाला काही बोलला नाही. टोपल्या गोळा करू लागला.

मे संपला. बोटी ओढून वर घेतल्या, झापांनी शाकारल्या.
हिशेब घेताना पुन्हा तीच सही, तीच दोन टिंबं.
"येशील ना पुन्हा?"
"बघू," म्हणाला, आणि पिशवी छातीशी सारून
राजापूरच्या एसटीत चढला.

संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं.
बॉलपेनची रेघ पुसत नाही,
तिच्यावरच लिहिलं: अमीन.
वाचायला त्रास होतो, पण वाचता येतं.

पुढच्या महिन्यात ऑडिट आहे.
साहेब बोट ठेवून विचारतील,
हा अमीन कोण? आणखी एक खलाशी का?
याचा अंगठा कुठाय?

काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.